दांत भरणारे साहाय्यक



दांतांच्या दुखण्यास हंसण्याची आपली जुनी चाल आहे. परंतु ज्याची दाढ रात्रभर ठणकते, त्यास त्यांत विनोद कांहींच दिसत नाहीं. चोपडा, यावल, शिरपूर ह्या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांतून दाढ दुखूं लागली म्हणजे पुष्कळजण लवंग किंवा मशेरी लावून दिवस काढतात, आणि अगदींच असह्य झालें कीं जळगांवास अगर धुळ्यास येऊन ती उपटून घेतात. आरंभीं तिळाएवढा असतां सहज भरतां आला असता, अशा खळग्यापायीं सबंध दाढ जाते.

धुळ्यास दंतमहाविद्यालय आहे. दोन्ही शहरांत दंतवैद्यही आहेत. खेड्यापाड्यांस उणीव आहे ती हातांची. कीड कोठवर पोंचली हें ओळखणें व ती कोरून काढणें हें वैद्याचेंच काम होय; तेथें चूक झाल्यास दांताच्या जिवंत गाभ्यास इजा पोंचते. पुढील काम मात्र निराळ्या जातीचें आहे. खळगा लाळेपासून कोरडा राखणें, दांताभोंवतीं पातळ पट्टी बसविणें, मसाला थराथरानें भरून प्रत्येक थर निळ्या प्रकाशानें कठीण करणें, रंगीत कागद चाववून उंचवटा शोधणें आणि शेवटीं घांसून गुळगुळीत करणें. ह्यास स्थिर डोळा, हलका हात आणि पुष्कळ सराव लागतो.

न्यूझीलंड सरकारनें १९२१ सालीं वेलिंग्टन येथें शाळेंतील मुलांचे दांत भरण्यासाठीं तरुण स्त्रियांस शिक्षण देण्यास आरंभ केला. अमेरिकेच्या कांहीं राज्यांत वैद्यानें कोरलेला खळगा शिकविलेला साहाय्यक भरतो, व वैद्य तें काम तपासतो. आपल्या १९४८ च्या दंतवैद्य कायद्यानें वैद्याखेरीज दांत स्वच्छ करणारा व कवळ्या घडविणारा असे दोन वर्ग मानले. दांत भरणें दोघांच्याही कामांत घातलें नाहीं. तेव्हां कायद्याची अनुज्ञा आधीं, शिक्षण मागून, हाच क्रम योग्य.

'अर्धवट शिकलेल्याच्या हातीं तोंड कसें द्यावें?' ही शंका रास्त आहे. मसाला किंचित् उंच राहिला तर चावतांना दाढ दुखते. कडेस फट राहिली तर कीड पुन्हा शिरते. दोन दांतांमध्यें तो बाहेर आला तर अन्न अडकून हिरडी सुजते. म्हणूनच विद्यार्थ्यानें प्रथम काढलेल्या दांतांवर कित्ता गिरवावा, मग वैद्याच्या डोळ्यांदेखत रोग्यावर काम करावें, आणि वैद्यानें पाहिल्यावांचून रोग्यानें खुर्ची सोडूं नये.

असा हात दहावी झालेल्या मुलींत चोपड्यास किंवा साक्रीस सांपडणार नाहीं, हें जन्मभर वर्ग सांभाळलेल्या मला पटत नाहीं. त्यांस शिकविणारे व शिकूं देणारे मात्र आपणांस शहरांतच शोधावे लागतील.