आपत्तीचे शास्त्र शिकायला जाताना

(परदेशी उच्च शिक्षणाविषयीच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



परदेशी शिक्षण म्हटले की संगणक, व्यवस्थापन, वैद्यक ही नावे आपल्या ओठी येतात. आज मला जो विषय दिला आहे, तो ऐकून काही पालकांच्या कपाळावर आठी उमटेल. आपत्तीची जोखीम आणि तीतून सावरण्याची समाजाची क्षमता, हा तो पदव्युत्तर अभ्यासाचा विषय. "पूर आला तर दोर टाकावा, अन्न पोहोचवावे, त्यात एम.एस्सी. कसली?" असे एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मघाशी चहापानाच्या वेळी विचारले. प्रश्न रास्त आहे. १९७९ साली मोरवीचे धरण फुटले, १९९३ साली किल्लारी कोसळली, २००१ साली भूज उद्ध्वस्त झाले. तिन्ही ठिकाणी स्वयंसेवक चिखलात आणि ढिगाऱ्यांत उतरले, तेव्हा त्यांच्यापाशी या विषयाची पदवी नव्हती.

तथापि, किल्लारीचाच थोडा विचार करू. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निद्राधीन झाली होती. भूकंप सहा रिश्टरच्या थोडा वरचा, म्हणजे जगाच्या हिशेबाने मध्यमच. जपानमध्ये एवढे धक्के अधूनमधून बसतात आणि पुष्कळदा त्यात एकही माणूस दगावत नाही. लातूर-धाराशिव भागात मात्र हजारो माणसे गेली. त्यांना मारले ते मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या टनावारी मातीने. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर त्या पहाटे थडगे झाले. मदतीला धावलेल्यांनी अनेक प्राण वाचवले, हे सत्यच आहे. पण ते माळवद १९९२ साली कोणी हलके केले असते तर, हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांनी विचारला?

हा प्रश्न विचारणे हाच या शास्त्राचा प्रारंभ आहे. ब्लेकी, कॅनन, डेव्हिस आणि विस्नर या चौघांनी १९९४ साली 'ॲट रिस्क' हा ग्रंथ लिहिला. भूकंप वा वादळ निसर्गाचे असते. त्याची आपत्ती होते ती दारिद्र्य, निकृष्ट बांधकाम, चुकीची वस्ती आणि बेफिकीर प्रशासन यांमुळे, हे त्यांचे प्रतिपादन. आज जगभर हा विषय शिकवला जातो तो बहुतांशी याच पायावर.

या अभ्यासाच्या जुन्या पेढ्या दोन. जपानच्या क्योतो विद्यापीठाची आपत्ती-प्रतिबंध संशोधन संस्था १९५१ पासूनची. अमेरिकेतले आपत्ती संशोधन केंद्र १९६३ साली ओहायोत सुरू झाले आणि १९८५ पासून डेलावेअर विद्यापीठात आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजची संस्था त्या मानाने तरुण, २०१० ची. भूगर्भशास्त्र, संख्याशास्त्र, उपग्रहचित्रांवरून नकाशे करणे, समाजशास्त्र, कायदा, हे सारे येथे एका छपराखाली येते. म्हणूनच कला शाखेच्या पदवीधरालाही काही अभ्यासक्रमांचे दार उघडे असते. मी स्वतः त्याच शाखेचा असल्याने हे आवर्जून सांगतो.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञांनी दशकानुदशके पाहणी करून दाखवून दिले, की संकटात माणसे सैरावैरा पळतात ही चित्रपटांची कल्पना आहे. प्रत्यक्षात पहिला हात देतो तो शेजारी. १९९५ साली कोबेच्या भूकंपात सहा हजारांहून अधिक बळी गेले, परंतु ढिगाऱ्यातून जे जिवंत निघाले त्यांतील बहुतेकांना घरच्यांनी वा शेजाऱ्यांनीच काढले होते. त्या वर्षाला जपानी लोक स्वयंसेवेचे पहिले वर्ष म्हणतात. आपल्या शाखांना हे नवीन नाही. पण त्यांनी अनुभवाला मोजमाप दिले, त्यातून शाळेचा पाठ घडवला. कामाइशी गावातील मुलांना प्राध्यापक कातादा यांनी वर्षानुवर्षे बजावले होते, की धोक्याच्या नकाशावर विसंबू नका, उंचावर जा, थांबू नका. ११ मार्च २०११ रोजी त्सुनामी आली तेव्हा मोठ्या मुलांनी लहानग्यांचे हात धरले आणि ठरलेले आश्रयस्थानही अपुरे वाटताच ती आणखी वर चढली. त्या दिवशी गावच्या शाळांत असलेली जवळजवळ तीन हजार मुले वाचली.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. 'सावरण्याची क्षमता' हा शब्द राज्यकर्त्यांना फार आवडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि दुसऱ्या दिवसापासून मुंबईकरांच्या जिद्दीचे पोवाडे सुरू झाले. मिठी नदी कोणी आवळली हा विषय त्या गजरात बुडाला. आम्हा वृत्तपत्रवाल्यांनीही त्या गजरात टाळ कुटले. स्तुती करून जबाबदारी झटकण्याच्या या रीतीवर परदेशातील चांगले अध्यापक स्वतःच टीका करतात, ती ऐकून यावी.

तेथे जाताना रिकाम्या हाताने जाण्याचे कारण नाही. ओडिशात १९९९ च्या महावादळात सुमारे दहा हजार बळी गेले; मे २०१९ मध्ये 'फणी' आले तेव्हा बारा लाख लोक आधीच हलवले गेले आणि बळींची संख्या ६४ वर थांबली. संयुक्त राष्ट्रांनी त्याची प्रशंसा केली. २०१६ साली दिल्लीत झालेल्या आशियाई मंत्रिपरिषदेत पंतप्रधान मोदींनी जे दहा मुद्दे मांडले, त्यांत या प्रश्नावर विद्यापीठांचे जाळे विणण्याचाही मुद्दा होता. आपत्तीत टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठीची आंतरराष्ट्रीय आघाडी भारताच्या पुढाकाराने २०१९ साली स्थापन झाली. तिचे कार्यालय दिल्लीत आहे.

आता पालकांच्या मनातला प्रश्न: नोकरी काय? स्पष्टच सांगतो, संगणक अभियंत्यासारखी रांग येथे लागत नाही. विमा कंपन्या, अभियांत्रिकी सल्लागार, मदतकार्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था आणि आपल्याकडील राष्ट्रीय व राज्य आपत्ती प्राधिकरणे एवढीच प्रमुख क्षेत्रे. तेव्हा घर गहाण ठेवून जाऊ नये. हा विषय मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही शिकवला जातो. आधी तो मार्ग पाहावा. बाहेर जायचेच तर शिष्यवृत्ती गाठावी. जपान सरकारची शिष्यवृत्ती त्यांच्या वकिलातीमार्फत मिळते. ब्रिटनच्या चेव्हनिंगसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर किमान दोन वर्षांसाठी मायदेशी परतण्याची अट असते. काहींना ती जाचक वाटते, मला ती या शिष्यवृत्तीची सर्वांत चांगली बाजू वाटते.

ब्रिटनमधला अभ्यासक्रम बहुधा एका वर्षाचा, शेवटी प्रबंध. त्या प्रबंधासाठी आपलाच जिल्हा निवडा. किल्लारीच्या पुनर्वसनावर परदेशी संशोधकांनी इंग्रजीत शोधनिबंध लिहिले. वाड्यांची गल्लीबोळांची वस्ती मोडून चौकोनी आखणीची गावे वसली, तेव्हा तेथल्या बायकांचे अंगण कुठे गेले, हे मराठीत नीट लिहिणारा मला हवा आहे. २०१४ साली माळीण, २०२१ साली तळिये, २०२३ साली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सह्याद्रीच्या कुशीत अशा कितीतरी वाड्या आहेत, आणि त्यांची पाहणी लंडनहून कोणी येऊन करण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

चेव्हनिंगचे अर्ज साधारणतः ऑगस्टमध्ये उघडतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास बंद होतात. शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांकडे त्याआधीच जावे लागेल. याविषयी कोणाला काही विचारायचे असेल, तर मी बसलेलो आहे.