जत्रेचा तमाशा आणि पावसाळ्यातील भाकरी

चैत्र लागला की आपल्या भीमाकाठच्या गावांना जत्रेचे वेध लागतात. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात; गावोगावचे पंच तेथे जाऊन सुपारी देतात. पाऊस आला की कनाती गुंडाळल्या जातात. आपली करमणूक संपते आणि कलावंताची विवंचना सुरू होते.

विठाबाई नारायणगावकर २००२ साली गेल्या. महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेल्या या कलावतीच्या अखेरच्या उपचारांचा खर्च देणगीदारांनी भागविला. पुढे शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार ठेवला. गौरव योग्यच, पण गौरवाने चूल पेटत नाही. तेव्हा मागणे एवढेच, की यंदा सुपारीची घासाघीस करताना त्या रकमेत आषाढ-श्रावणातली भाकरीही आहे, हे ध्यानात ठेवावे.