दाराची फट आणि गोकूचा बाप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

लकडगंजात राहणाऱ्या माणसानं खरं तर लाकडावर बोलावं. नागपूरच्या आमच्या या वस्तीचं नावच लाकडावरून आलंय. वखारी, आरा मशीन, दार-चौकटीची दुकानं. पावसाची एक सर येऊन गेली की ओल्या भुशाचा वास गल्लीभर पसरतो. मीही एका वखारीत हिशेब लिहितो. पण आज बोलणार आहे ते माझ्या पुतण्यानं संगणकावर तयार केलेल्या एका लढाईबद्दल. ती लढाई मला अजून जिंकता आलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

‘ड्रॅगन बॉल’ हे नाव तरुण श्रोत्यांना माहीत असेलच. अकिरा तोरियामा या जपानी चित्रकाराची ही चित्रकथा. १९८४ ते १९९५ अशी अकरा वर्षं ती तिथल्या एका साप्ताहिकात क्रमशः येत होती. तिच्यावर निघालेली कार्टून मालिका २००० नंतर आपल्याकडेही हिंदीतून लागायची. शेजारची पोरं शाळेतून आली की दप्तर फेकून तिच्यासमोर बसत. मला तेव्हा वाटायचं, हे लोक लढतात कमी आणि ओरडतात जास्त. तोरियामा मार्च २०२४ मध्ये वारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘स्पार्किंग! झीरो’ नावाचा व्हिडिओ गेम आला. त्यात या कथेतली दीडशेच्या वर पात्रं आहेत. कोणालाही कोणाशी लढवावं.

पुतण्या तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुण्याच्या मामानं आपला जुना, पण दमदार संगणक त्याला दिला आणि दिवाळीच्या सुट्टीत हा खेळ घरात आला. पहिले काही दिवस नुसती धुमश्चक्री. मग एकदम शांतता. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, पोरगा खेळत नाही आता, नुसता बसून राहतो. जरा पाहा न.” मी जाऊन पाहिलं तर तो लढाई बसवत होता.

या खेळात एक कप्पा आहे, त्यात स्वतःची लढाई रचता येते. कोण कोणाशी लढणार, कुठे, सुरुवातीला कोणती दृश्यं दिसणार, कोण काय बोलणार, हे सगळं तुम्ही ठरवायचं. मग अटी घालायच्या. अमक्याची आयुष्याची पट्टी इतकी खाली आली की तमकं घडेल, अशा. तयार झालेली लढाई दुसऱ्यांसाठी खुली करता येते. जगाच्या पाठीवर कोणीही ती खेळतो. ही कल्पना तशी जुनी आहे. १९८३ च्या ‘लोड रनर’ या खेळातही खेळणाऱ्याला स्वतःच्या पायऱ्या रचता येत होत्या. पुढे २०१५ मध्ये ‘सुपर मारिओ मेकर’ आला. त्यात एक नियम मला फार आवडला. आपण रचलेली पायरी आधी स्वतः पार करून दाखवायची, मगच ती इतरांसमोर ठेवता येते.

पुतण्यानं निवडलेली लढाई होती बार्डॉक आणि फ्रीझा यांची. बार्डॉक म्हणजे नायक गोकूचा बाप. १९९० साली त्याच्यावर एक स्वतंत्र दूरदर्शनपट निघाला होता. फ्रीझा हा जुलमी सम्राट त्याचा सारा ग्रह नष्ट करायला निघतो, बाकीचे कोणी विश्वास ठेवत नाहीत, तेव्हा हा साधा शिपाईगडी एकटाच त्याच्यावर चालून जातो आणि मरतो. लहानगा गोकू तेवढा यानात घालून पृथ्वीकडे रवाना झालेला असतो. हा बाप काही मायाळू वगैरे नाही बरं का! पोराची ताकद किती कमी आहे ते पाहतो आणि तोंड फिरवून निघून जातो.

माझा थोरला भाऊ, म्हणजे या पोराचे वडील, एप्रिल २०२१ मध्ये कोरोनानं गेले. पोरगा तेव्हा चौदाचाही नव्हता. बार्डॉकच का, हे मी विचारलं नाही.

पहिल्या खेपेला त्यानं फ्रीझाला अगदी दुबळं करून ठेवलं. चार फटके मारले की सम्राट आडवा! मित्र आले, खेळले, पाच मिनिटांत उठले. एक जण म्हणाला, “हे काय बे, नुरा कुस्ती लावून राहिला काय?” नुरा कुस्ती म्हणजे आधीच ठरवून केलेली. कुस्तीच्या दंगलीत जोड लावणारा वस्ताद वजन बघतो, तयारी बघतो. जोड विजोड झाली की लोक मैदान सोडून चहाला जातात. पोराला ते लागलं. रात्रभर बसून त्यानं दुसरं टोक गाठलं. आता फ्रीझा असा की बार्डॉकला हात उचलायची सवड नाही. मित्रांनी चार-पाच वेळा मार खाल्ला आणि कंट्रोलर ठेवून दिला. मी विचारलं, “तू तरी जिंकतोस काय?” तो म्हणाला, “नाही. खरं तसंच होतं न काका. तो जिंकतच नाही.”

यावर काय बोलणार? मला खेळातलं कळत नाही. पण माझा भाऊ दारं बसवायचा, ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. सागवानाचा पल्ला चौकटीत घट्ट बसला की गिऱ्हाईक खूश होतं. भाऊ मात्र रंधा मारून सूतभर फट ठेवायचाच. गिऱ्हाईक कुरकुरायचं. भाऊ म्हणायचा, “आज गच्च बसवलं तर पावसाळ्यात लाकूड फुगते, मग तुम्हीच घरात कोंडून राहाल.” फट जास्त झाली तर दार खडखडतं, कमी झाली तर उघडत नाही. ती किती ठेवायची हे तो हातानं चाचपून ठरवायचा. मी पोराला एवढंच म्हटलं, “तुझ्या लढाईत फट कुठे आहे?”

तो काही बोलला नाही. पण तिसऱ्या खेपेला त्यानं जिंकायची अटच बदलली. फ्रीझाला हरवायचं नाही, नव्वद सेकंद टिकायचं. तेवढ्या वेळात पोराचं यान दूर जातं, असं त्यानं मनाशी धरलं. शिवाय एक अट: बार्डॉकचं आयुष्य अगदी तळाला गेलं की एकदाच, थोडंसं बळ परत येतं. पण तिथवर जिवंत पोचायला हवं. या खेळात शक्ती साठवायला उभं राहिलं की तेवढा वेळ अंग उघडं पडतं. म्हणजे नव्वद सेकंदांत कधी पळायचं, कधी थांबायचं आणि कधी अंगावर जायचं, याचा सारा हिशेब. फ्रीझाची ताकद त्यानं किती वेळा बदलली, मोजदाद नाही. प्रत्येक बदलानंतर आधी स्वतः खेळायचा, मग मित्राला बोलवायचा आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसायचा. तो मित्र हरला आणि लगेच म्हणाला, “थांब, अजून एकदा.” त्या दिवशी पोरानं आकड्यांना हात लावणं थांबवलं.

एक गोष्ट मात्र त्याच्या मनासारखी झाली नाही. संवाद. या खेळात पात्रांच्या तोंडी आपलं वाक्य टाइप करता येत नाही. आधीच तयार असलेल्या वाक्यांतून निवडावं लागतं. धमक्या आहेत, आव्हानं आहेत, शपथा आहेत. शेवटच्या दृश्यासाठी तो दोन संध्याकाळ ती यादी वरखाली करत होता. शेवटी वैतागून म्हणाला, “काका, यात साधं काहीच नाही.” भाऊ दवाखान्यातून फोन करायचा तेव्हा धाप लागत असे. पहिलं वाक्य ठरलेलं: “जेवला काय रे?” असलं वाक्य जपानी कंपनीच्या यादीत कुठून असणार! त्यानं ती जागा रिकामी ठेवली. शेवटी बार्डॉक नुसता उभा दिसतो, वर बघत. बोलत नाही.

लढाई खुली करून बरेच दिवस झाले. कुठकुठले लोक ती खेळतात, त्यांची भाषाही आम्हाला कळत नाही. त्यांच्यासाठी तो गोकूचा बाप आहे, तेवढंच. वहिनींनी एकदा मागे उभं राहून पूर्ण नव्वद सेकंद पाहिली. पोरगा जिंकला. त्या म्हणाल्या, “चल, ताट वाढलं,” आणि आत गेल्या.

सुट्टीच्या दिवशी वखार बंद असली की मीही बसतो. पोरगा म्हणतो, तुमचा अंगठा उशिरा चालतो. मागच्या खेपेला मी एकाहत्तर सेकंदांपर्यंत टिकलो होतो.