प्रकाशाने पालटणारी चिप



संगणकाची चिप कारखान्यातून बाहेर पडली की तिच्यातील मंडल कायमचे ठरून जाते, या समजुतीला १९८५ साली धक्का बसला. अमेरिकेतील झायलिंक्स कंपनीने त्या वर्षी ६४ तर्कखंडांची अशी चिप आणली, की जिच्यातील जोडण्या वापरणाराच ठरवू शकत असे. तिच्या स्मृतिपेशींत शून्य आणि एक यांची जी मालिका भरावी, तसे मंडल आकाराला येते. मालिका बदलली की तीच चिप नवे काम करू लागते.

या सोयीत दोन उणिवा आहेत. पहिली वेळेची. ही मालिका मोजक्या तारांमधून ओळीने आत शिरते. मोठा जमाव एका अरुंद दारातून आत घ्यावा, तसा हा प्रकार होय. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. अंतराळात किंवा अणुभट्टीत एखादा ऊर्जावान कण पेशीवर आदळला, तर शून्याचा एक होतो आणि मंडलच बिघडते. किरणोत्सर्गाची मात्रा साठत गेली, तर चिप निकामी होते. जपानमधील फुकुशिमा येथे २०११ साली अणुदुर्घटना घडली. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीत २०१७ साली सफाईसाठी धाडलेल्या यंत्रमानवाच्या कॅमेऱ्याचे चित्र काळवंडत गेले आणि त्याला माघारी घ्यावे लागले. जेथे मनुष्य जाऊ शकत नाही, तेथे यंत्राचाही टिकाव लागणे कठीण झाले.

प्रकाशाची वाट येथे उपयोगी पडते. अमेरिकेत कॅलटेक संस्थेतील डिमेट्री साल्टिस यांच्या गटाने २००० सालच्या सुमारास आणि जपानमध्ये मिनोरू वातानाबे यांनी पुढे या दिशेने काम केले. मंडलांचे आराखडे होलोग्रामच्या स्वरूपात साठवले जातात. लेसरचा झोत त्यावर पडताच ठिपक्यांची आकृती चिपवर उमटते. चिपवरील प्रकाशसंवेदी डायोड ती एकाच वेळी टिपतात आणि संपूर्ण मंडल एकदम पालटते. दुसरा लेसर पेटला की दुसरा आराखडा उतरतो.

होलोग्रामचा आणखी एक गुण मोलाचा आहे. त्यात प्रत्येक ठिपक्याची माहिती सर्वत्र विखुरलेली असते. त्यामुळे काही भाग खराब झाला तरी आकृती फिकट होते, नाहीशी होत नाही. चिपचा एखादा तर्कखंड निकामी झाला, तर तो वगळणारा आराखडा उतरवून काम पुढे चालू ठेवता येते.

अडचणीही खऱ्या आहेत. डायोड जागा व्यापतात, म्हणून तर्कखंडांची दाटी कमी होते. लेसर, होलोग्राम आणि चिप यांची जुळणी अतिशय काटेकोर लागते. म्हणून घरगुती संगणकापेक्षा, दुरुस्तीला कोणी पोहोचू शकत नाही अशा ठिकाणीच या विद्येचे खरे स्थान आहे.

प्रकाशशास्त्र, अर्धवाहकशास्त्र आणि संगणकशास्त्र या तिन्ही शाखा येथे एकत्र येतात. केवळ एकीच्या बळावर ही चिप घडणार नाही, हे तरुण अभियंत्यांनी अवश्य ध्यानात घ्यावे.