एकच मेंढी आणि मुलांची पुस्तके
(कोल्हापूर येथे सहायकांच्या त्रैमासिक सभेत केलेले भाषण)



या वर्षी वसतिगृहातल्या आदिवासी मुलांसाठी पुस्तके घ्यायची आहेत, त्यांची यादी करायचे काम माझ्याकडे आले. यादी पाहून आपल्यातल्याच एका वडीलजनांनी प्रेमाने विचारले, "बाई, यातली अर्धी पुस्तके कुत्र्या-गाईंची आणि माकडांची आहेत. मुलांना परीक्षेची पुस्तके नकोत का?" प्रश्न योग्य आहे. वर्गणी तुमची आहे, म्हणून उत्तर इथे सर्वांसमोर देते. परीक्षेची पुस्तकेही घ्यायची आहेतच. पण ती उघडायच्या आधी मुलाला पुस्तक आपले वाटायला हवे.

सहा-सात वर्षांचे मूल पाड्यावरून वसतिगृहात येते, तेव्हा त्याच्या मागे आईबाप, भावंडे राहतात आणि त्याच्याबरोबर रानात जाणारा कुत्राही राहतो. "घरची आठवण येते का?" असे विचारले की मूल मान खाली घालते. "तुझ्या कुत्र्याला आता कोण बघतं?" असे विचारले की बोलायला लागते. त्याचा रंग, त्याचे भुंकणे, त्याने पकडलेला ससा, सगळे सांगते आणि सांगता सांगता रडतेही. ते रडणे मी थांबवत नाही. आईसाठी रडायला लाजणारी मुले कुत्र्यासाठी मोकळेपणी रडतात.

हे पवित्र शास्त्राला नवीन नाही. दावीद राजाला त्याचा अपराध दाखवायचा होता, तेव्हा नाथान संदेष्ट्याने नियमशास्त्र उघडले नाही, गोष्ट सांगितली. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात ती आहे. गरीब माणसाजवळ एकच लहान मेंढी होती. ती त्याच्या मुलांबरोबर वाढली, त्याच्या घासातला घास खाई, त्याच्या कुशीत निजे. श्रीमंताने आपला कळप राखला आणि पाहुण्यासाठी हीच मेंढी नेली. राजा संतापला तो या मेंढीसाठी, आणि मग तो माणूस आपणच आहोत हे त्याला ऐकावे लागले. गरिबाच्या घरी जनावर म्हणजे मालमत्ता असते आणि मायाही असते. ती नेली की दोन्ही जातात. आपण ज्या घरांतून मुले आणतो, त्या घरांची ही गोष्ट आहे.

आता आपल्या मराठीकडे येते. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्यात मोरी गाय आहे. ती श्यामच्या आईखेरीज कोणाला दूध काढू देत नाही. आपण ते प्रकरण लहानपणी वाचले आणि बहुतेकांनी डोळे पुसले. त्या घरातही गरिबी आहे, कर्ज आहे. गोठ्यात गाय असणे म्हणजे काय, हे आपल्या वसतिगृहातल्या मुलांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. तिथे ती आपल्यापेक्षा हुशार वाचक असतात.

मोठ्या मुलांसाठी मी 'पाडस' घेते आहे. मार्जोरी रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी 1938 सालची. राम पटवर्धनांनी तिचे इतके सुंदर मराठी केले की ती आपलीच वाटते. रानात राहणाऱ्या ज्योडीच्या वडिलांना साप चावतो. विष ओढून काढायला ते एक हरिणी मारतात आणि तिचे पाडस ज्योडी घरी आणतो. पाडस मोठे होते आणि शेतातले कोवळे पीक खाऊ लागते. कुंपण उंच केले तरी ते आत येते. पीक गेले तर घर उपाशी राहणार. शेवटी ज्योडीलाच त्याचा जीव घ्यावा लागतो.

काहींना वाटेल, एवढे दुःख मुलांना कशाला द्यायचे? ते दुःख आपल्या मुलांनी आधीच पाहिलेले आहे. वाढवलेले करडू आजारपणाच्या खर्चासाठी बाजारात गेलेले त्यांनी पाहिले आहे. त्या दिवशी घरात कोणी त्यावर बोलले नाही, कारण बोलून पैसे उभे राहत नव्हते. पुस्तक त्यावर बोलते. वडील वाईट नाहीत, मूल वाईट नाही, पाडसही वाईट नाही, आणि तरी असे झाले, एवढे पुस्तक कोणाला दोष न देता सांगते.

यादीत आणखी एक पुस्तक आहे, डॉ. प्रकाश आमटे यांचे 'रानमित्र'. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी माडिया लोकांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. प्रकाशभाऊ आणि मंदाताईंनी तिथे आयुष्य घातले आणि 2008 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथले प्राण्यांचे अनाथालय एका माकडाच्या पिलापासून सुरू झाले. शिकार घेऊन चाललेले माडिया त्यांना वाटेत भेटले. मेलेल्या माकडिणीला तिचे जिवंत पिलू चिकटलेले होते. डॉक्टरांनी मोबदला देऊन ते पिलू मागून घेतले.

या प्रसंगात मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. डॉक्टरांनी शिकाऱ्यांना क्रूर ठरवले नाही. ही माणसे भुकेसाठी मारतात हे त्यांनी ओळखले. दवाखाना, शाळा, शेती यांचे काम चालू ठेवले आणि पुढे लोक स्वतःच रानातली अनाथ पिले त्यांच्याकडे आणून देऊ लागले. आपणही कधी कधी पाड्यावर जातो आणि उपाशी माणसाला भूतदया शिकवतो. आधी ताट, मग शिकवण, हा क्रम त्या पुस्तकातून आपण मोठ्यांनी घ्यावा. विलास मनोहर यांचे 'नेगल' याच परिसरातल्या प्राण्यांविषयी आहे. तेही घेते आहे.

लहानांसाठी 'तोत्तोचान' आहे. जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांच्या शाळेच्या आठवणी, चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या मराठीत. तोत्तोचानचा कुत्रा रॉकी खेळता खेळता तिच्या कानाला चावतो. कानातून रक्त वाहत असते आणि ती आईबाबांना विनवते, रॉकीला रागावू नका. हे पान मी मुलांना वाचून दाखवते आणि तिथे थांबते. कारण आपली मुलेही असेच करतात. कुत्र्याला मार बसेल म्हणून चावल्याचे लपवतात.

म्हणून संडे स्कूलच्या शिक्षकांनी हे पान वाचताना एवढे सांगावे. चावा लहान असो, ओरखडा असो, लगेच मोठ्यांना सांगायचे. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचे नाही. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करायची आणि सगळे डोस पुरे करायचे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर हा आजार टळतो. आणि मुलाला शब्द द्यायचा की सांगितल्याबद्दल तुलाही मार नाही आणि कुत्र्यालाही नाही. हा शब्द मोडला तर पुढच्या वेळी मूल सांगणार नाही.

भाषेची गोष्टही सांगायला हवी. माडिया ही गोंडी कुळातली, द्रविडी भाषा आहे. ती बोलणाऱ्या मुलाला मराठी पुस्तक म्हणजे दुसऱ्याचे घर. पण चित्रात कुत्रा दिसला की ते दार थोडे उघडते. मूल आपल्या भाषेतला शब्द सांगते, मी तो फळ्यावर देवनागरीत लिहिते, शेजारी मराठी शब्द लिहिते. मग मूल आपल्या कुत्र्याची चार वाक्ये सांगते, ती आम्ही कागदावर उतरवतो, ते चित्र काढते आणि आम्ही कागद शिवतो. त्याच्या भाषेतले पहिले पुस्तक त्याने स्वतः केलेले असते. शिकवणारी मी आणि शिकणारे मूल, असे त्या तासाला राहत नाही.

तुमच्याकडे तीन मागण्या आहेत. जुनी, पाने गेलेली पुस्तके दान म्हणून पाठवू नका. आपल्या मुलाला द्याल तेच द्या. शक्य असेल तर एक पुस्तक पाठवण्याआधी घरी वाचा आणि आत एक चिठ्ठी ठेवा: तुमच्याकडे कोणते जनावर होते, त्याचे नाव काय होते. मुले ती चिठ्ठी आधी वाचतात. आणि वर्षातून एकदा येऊन मुलांबरोबर एक तास बसा. वाचून दाखवा आणि मग त्यांच्या कुत्र्यांविषयी ऐका.

नाथानाच्या गोष्टीतला गरीब माणूस एक शब्दही बोलत नाही. त्याच्या मेंढीविषयी दुसऱ्याला बोलावे लागले. आपली मुले स्वतः बोलावीत, लिहावीत, यासाठी ही पुस्तके आहेत. यादी दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. ज्या पुस्तकाचा खर्च उचलाल, त्यापुढे आपले नाव लिहा.

देव आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.