१९२९ ची महामंदी : ज्यांच्याकडे शेअर नव्हते त्यांची गोष्ट



साहित्याच्या व्याख्यानमालेत होमिओपॅथीच्या डॉक्टराने मंदीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. माझे म्हणणे एवढेच की, १९२९ च्या महामंदीवर अर्थशास्त्रज्ञांनी लिहिले तसे शिक्षकांनी, डॉक्टरांनी आणि समाजाचा अभ्यास करणाऱ्यांनीही लिहून ठेवले आहे. ते वाचताना बाजार मागे पडतो आणि घरे दिसू लागतात. मला त्या घरांबद्दल बोलायचे आहे.

महामंदी म्हटले की न्यूयॉर्कच्या उंच इमारतींवरून उड्या टाकणारे शेअर दलाल डोळ्यांपुढे येतात. हे चित्र बहुतांशी दंतकथा आहे. गालब्रेथ या अर्थशास्त्रज्ञाने त्या महिन्यांचे आकडे तपासले, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आत्महत्यांची लाट आल्याचे काही दिसेना. आत्महत्या वाढल्या त्या नंतर, आणि त्या बहुतेक नाव नसलेल्या माणसांच्या. त्याकडे मी पुढे येतोच.

२४ आणि २९ ऑक्टोबर १९२९ या दोन दिवसांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, हे आपण शाळेत वाचलेले असते. डाऊ जोन्सचा निर्देशांक ३ सप्टेंबर १९२९ रोजी ३८१ वर होता, तो ८ जुलै १९३२ रोजी ४१ वर आला. लोकांनी दहा-वीस टक्के रक्कम पदरची घालून बाकी दलालाच्या उधारीवर शेअर घेतले होते, त्यामुळे भाव जरा उतरला की उधारी फेडण्यासाठी विक्री, आणि त्या विक्रीने भाव आणखी खाली. इथवर सगळे समजते. पण अमेरिकेची लोकसंख्या तेव्हा १२ कोटींच्या आसपास आणि शेअरबाजारात खाते असलेली माणसे फार तर १५ लाख. मग १९३३ मध्ये काम करू शकणाऱ्या दर चारांतला एक जण बेकार का झाला? ज्याने आयुष्यात शेअरचा कागद पाहिला नव्हता, त्याच्या घरची चूल कशाने विझली?

याचे उत्तर मुख्यतः बँकांत आहे. अमेरिकेत तेव्हा गावोगाव एकेका इमारतीपुरत्या हजारो लहान बँका होत्या. अनेक राज्यांत बँकेला दुसरी शाखा काढण्याचीच बंदी होती. गावात पीक बुडाले की गावची बँक बुडाली; तिला सावरायला दुसऱ्या गावची शाखा नाही. त्यात अफवा. बँक कितीही सचोटीची असली तरी ठेवीदारांचे पैसे तिजोरीत पडून नसतात, ते कर्जाऊ दिलेले असतात. सगळे एकाच सकाळी रांगेत उभे राहिले तर कोणतीच बँक उभी राहू शकत नाही. ११ डिसेंबर १९३० रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘बँक ऑफ युनायटेड स्टेट्स’ बंद पडली. नावावरून ती सरकारी वाटे, पण होती खाजगी. तिचे चार लाखांवर खातेदार होते आणि त्यांत कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतले कामगार, छोटे दुकानदार, युरोपातून आलेले ज्यू निर्वासित पुष्कळ होते. १९३० ते १९३३ या काळात अशा सुमारे ९,००० बँका बंद पडल्या. तेव्हा ठेवींना विमा नव्हता.

म्हणजे ज्याने सट्टा केला तो बुडालाच, पण ज्याने काटकसरीने पै-पै जमवली तोही बुडाला. मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत क्रूर गोष्ट हीच वाटते.

फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक याच वेळेसाठी १९१३ मध्ये स्थापन झाली होती. अडचणीतल्या बँकांना रोकड पुरवायची, हे तिचे काम. तिने ते पुरेसे केले नाही. उलट ऑक्टोबर १९३१ मध्ये, देशाबाहेर जाणारे सोने थोपवण्यासाठी तिने व्याजाचा दर दीड टक्क्यावरून साडेतीन टक्क्यांवर नेला. तोही बँका कोसळत असताना. चार वर्षांत अमेरिकेतला चलनपुरवठा सुमारे एक तृतीयांशाने आटला. कुजलेले सगळे एकदा निघून जाऊ द्या, मग प्रकृती आपोआप सुधारेल, असा सल्ला अर्थमंत्री मेलन यांनी दिल्याचे राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. हे वाचताना मला आमच्या हानेमानची आठवण होते. १७९२ मध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट लिओपोल्ड आजारी पडला, तेव्हा वैद्यांनी पुन्हा पुन्हा त्याचे रक्त काढले आणि तो गेला. हानेमानने त्यावर जाहीर टीका केली होती. अशक्त रोग्याचे रक्त काढून त्याला बरे करण्याची खोड वैद्यकाने सोडली, अर्थखात्यांना ती सोडायला आणखी शंभर-दीडशे वर्षे लागली.

१९३० च्या जूनमध्ये आयातीवरचे कर वाढवणारा कायदा झाला. हजारांवर अर्थशास्त्रज्ञांनी सही करून विरोध केला होता. इतर देशांनीही कर वाढवून उत्तर दिले आणि जगाचा व्यापार आक्रसला. या भागावर मी अधिक वेळ घेत नाही. तो ग्रंथांत भरपूर आहे.

काटकसरीवर मात्र थोडे थांबतो, कारण ती आपल्या घराघरांतली गोष्ट आहे. मी जैन व्यापारी वळणाच्या घरात वाढलो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, खर्च कमी ठेवावा, हे आम्हाला शिकवावे लागत नाही. पण सगळेच एकदम खर्च आवरू लागले तर काय होते, ते अमेरिकेने पाहिले. मी नवा अंगरखा शिवत नाही, म्हणून शिंप्याला काम नाही. शिंपी दूध कमी घेतो, म्हणून गवळ्याची उधारी थकते. गवळी माझ्याकडे औषधाला येत नाही. एकट्याचे शहाणपण सगळ्यांनी मिळून केले की त्याचे नुकसान होते. आमच्या अपरिग्रहाचा अर्थ पैसा गाडून ठेवणे असा कधीच नव्हता; साठवण नको, असाच तो होता. १९३२ मध्ये लोक नोटा गादीखाली ठेवत होते, तो परिग्रहच. फक्त तो भीतीपोटी होता, त्याला दोष तरी कसा द्यायचा?

शेतकऱ्यांची अवस्था आणखी विचित्र. गव्हाचा, मक्याचा, कापसाचा भाव निम्म्याहून खाली गेला. आयोवात मक्याला इतका कमी भाव होता की कोळशाऐवजी मकाच शेगडीत घालणे परवडे. त्याच वेळी शहरांत फुकट सूप मिळणाऱ्या रांगा लागत. १९३३ मध्ये नव्या सरकारने भाव चढवण्यासाठी उभा कापूस नांगरून टाकायला पैसे दिले आणि सुमारे ६० लाख डुकरे, त्यांत असंख्य पिल्ले, मारवली. काही मांस गरिबांना वाटले, पण लहान पिल्लांचे बहुधा खत झाले. रूझवेल्टच्या बऱ्याच कामांचा मी चाहता आहे. ठेवींचा विमा त्याच वर्षीचा. पण जन्माने जैन असल्यामुळे म्हणा किंवा नुसता माणूस म्हणून म्हणा, या एका निर्णयापुढे माझी मान डोलत नाही.

त्याच आयोवात कर्ज थकलेल्या शेतकऱ्यांच्या घरादाराचे लिलाव सुरू झाले, तेव्हा शेजाऱ्यांनी एक युक्ती काढली. लिलावाला सगळा गाव जमायचा. गाय पुकारली की कोणी तरी काही सेंट बोलायचा आणि बाकी सगळे गप्प. बाहेरचा कोणी जास्त बोलू लागला की त्याच्या खांद्यावर मागून हात पडायचा. सगळे सामान चार-पाच डॉलरांत सुटायचे आणि लगेच मूळ मालकाला परत दिले जायचे. सगळीकडे ते इतक्या शांतपणे झाले नाही. २७ एप्रिल १९३३ रोजी ल मार्स या गावी शेतकऱ्यांनी न्यायाधीशाला कोर्टातून ओढून बाहेर नेले, जप्तीचे हुकूम काढणार नाही असे वचन मागितले आणि गळ्यात दोर घातला. तो बधला नाही. शेवटी त्याला सोडून दिले, पण त्या भागात लष्करी कायदा लागू झाला.

हे वाचताना आपल्या दख्खनच्या माणसाला १२ मे १८७५ आठवावा. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी मारवाडी, गुजर सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि मुख्यतः खतपत्रे, चोपड्या जाळल्या. माणसांवर हात फारसा टाकला नाही, कागदावर टाकला. त्यामागेही कापसाच्या भावाचीच कथा होती, आणि तीही अमेरिकेतलीच: तिथल्या यादवीत भाव चढले, यादवी संपताच पडले. त्या सावकारांत आमच्या समाजाचे लोक होते, हे मी इथे उभा राहून झाकू इच्छित नाही.

महामंदी आपल्याकडे कशी आली? तीही भावाच्या वाटेने. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात. १९२९ ते १९३१ या दोन वर्षांत शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले. सरकारचा सारा मात्र रोख आणि ठरलेला; तो भावाबरोबर आपोआप उतरत नव्हता. सावकाराचे व्याजही उतरत नव्हते. म्हणजे पूर्वी एक पोते विकून जे देणे भागत असे, त्याला आता दोन पोती लागू लागली. रुपया १ शिलिंग ६ पेन्स या चढ्या दराला बांधलेला होता. तो सैल करावा, अशी हिंदी व्यापाऱ्यांची आणि पुढाऱ्यांची मागणी सरकारने मानली नाही.

सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णमान सोडला. पौंडाची किंमत घसरली, रुपया पौंडाला बांधलेला म्हणून त्याचीही घसरली, आणि सोन्याचा भाव चढला. १९२७ च्या कायद्याने तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै धरलेले सोने तिशीच्या पुढे गेले. आणि मग खेड्यापाड्यांतून पाटल्या, बांगड्या, पुतळ्या निघाल्या. बायकांनी गळ्यातले, हातातले उतरवून दिले, सराफाने ते आटवले, मुंबईला धाडले आणि तिथून जहाजांनी ते लंडनला गेले. त्या दशकात ३०० कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने देशाबाहेर गेले. सरकारी बाजूने याला नफ्याची विक्री म्हटले गेले: भाव चढला म्हणून लोक विकताहेत. काहींनी तसे विकलेही असेल. पण सारा भरण्यासाठी मोडलेल्या पाटलीला नफ्याची विक्री म्हणणे, हे पाटली कधी मोडावी न लागलेल्यांनाच सुचते. तुमच्या घरात जुने दागिने कमी आणि एखाद्या हरवलेल्या दागिन्याची नुसती गोष्ट शिल्लक असेल, तर तो कोणत्या सालात गेला ते घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर विचारा.

आता डॉक्टर म्हणून दोन शब्द. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अमेरिकेतले मृत्यूचे जुने आकडे तपासले, तेव्हा दिसले की १९३० ते १९३३ मध्ये एकूण मृत्युदर वाढला नाही, उलट उतरला. रस्त्यावर मोटारी कमी, कारखान्यांत अपघात कमी. वाढल्या त्या आत्महत्या : लाखामागे १४ वरून १७ वर. काही जण या आकड्यांवरून मंदी तब्येतीला बरी असते असे म्हणतात. रोग्याची हकीकत ऐकण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला हे पटायचे नाही. मेला नाही याचा अर्थ बरा आहे असा होत नाही.

काय होते, ते ऑस्ट्रियातल्या मारिएंटाल या गावात नीट टिपले गेले. व्हिएन्नाजवळचे हे गाव एका सूतगिरणीवर उभे होते. १९२९ पासून टप्प्याटप्प्याने गिरणी बंद झाली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल या तरुण अभ्यासकांनी ४७८ कुटुंबांचा अभ्यास करून १९३३ मध्ये पुस्तक छापले. आपल्यासारख्या वाचनप्रेमी मंडळींनी त्यातली एक नोंद ऐकावी. गावात कामगारांचे वाचनालय होते. गिरणी चालू असताना दिवसभर राबून लोक पुस्तके नेत. गिरणी बंद झाली, वेळच वेळ मिळाला, वर्गणीही माफ केली, तरी पुस्तके नेणे दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. मुलांना नाताळच्या भेटींवर निबंध लिहायला सांगितले, तर अनेकांनी सुरुवातच ‘आईबाबांकडे पैसे असते तर’ अशी केली. भत्ता पंधरा दिवसांनी मिळे. त्याच्या आदल्या दिवशी शाळेत कितीतरी मुलांच्या डब्यात पुरेसे काही नसे.

अभ्यासकांनी खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांची चालही मोजली. पुरुष सावकाश चालत, मध्ये मध्ये थांबत. घाई करण्यासारखे काही उरलेच नव्हते. दिवसभर काय केले ते लिहायला सांगितले तर उठलो, जेवलो, झोपलो यापलीकडे त्यांना फार आठवेना. बायका मात्र भराभर चालत. स्वयंपाक, धुणे, ठिगळे लावणे यातले काहीच बंद झाले नव्हते, उलट कमी पैशांत ते करायचे म्हणून वाढलेच होते. गिरणी असताना या बायका दिवसभर तिथे राबून रात्री उशिरापर्यंत घर सांभाळत. गिरणी पुन्हा सुरू झाली तर जाल का, असे त्यांना विचारले, तेव्हा बहुतेक जणी हो म्हणाल्या. आणि त्या केवळ पगारासाठी हो म्हणत नव्हत्या, तिथे चार माणसे भेटत, म्हणूनही म्हणत होत्या.