आधी कापड, मग आकडा

टी-शर्टवर चित्रं छापण्याचा माझा छोटासा व्यवसाय आहे. सुरुवातीला एका गणेश मंडळाचे ४० सुती टी-शर्ट मी सब्लिमेशननं छापून दिले. हीट प्रेसवर २०० अंश सेल्सिअस, ५० सेकंद. आकडे पुस्तकातले, अगदी बरोबर. पहिल्याच धुण्यात बाप्पा फिके पडले. पैसे परत केले. चूक माझीच होती.

सब्लिमेशनची शाई तापली की कापरासारखी थेट वायुरूप होते. पॉलिएस्टरच्या तापलेल्या धाग्यात ती शिरते आणि धागा निवला की आतच अडकते. सुती धाग्यात तिला थारा नाही; रंग वरवर राहतो आणि पाण्याबरोबर जातो. चिनी मातीच्या कपावर पॉलिएस्टरसारखा लेप लागतो, तो याचसाठी. कप सावकाश तापतो, म्हणून त्याला तीनेक मिनिटं द्यावी लागतात.

सुती कापडासाठी मी आता व्हिनाइल वापरतो. साधारण १५० ते १६० अंश, १० ते १५ सेकंद. इथं काम गोंदाचं असतं. तो वितळून धाग्यांना धरतो, म्हणून दाब नीट हवा. त्याआधी कोरा शर्ट काही सेकंद दाबून त्यातला ओलावा घालवायचा.

कापडाची शंका आली तर मी कापडाचाच एक धागा काढून जाळतो. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. एका काडीचा खर्च! माझे ४० शर्ट तेवढ्यानं वाचले असते.